भंतेजींच्या ताटातली अळंबी

आई,

बुरशी ही वनस्पती नाही. आज वर्गात पुन्हा तेच सांगून आले. दरवर्षी सांगते आणि दरवर्षी कुणीतरी मुलगी तितक्याच विश्वासाने विचारते, "मग मॅडम, ती जमिनीतून उगवते कशी?" उगवतं ते सगळं झाडच, असं आपण धरून चाललेलो असतो. मी सांगते, अगं, झाड आपलं जेवण आपण तयार करतं, उन्हात बसून. बुरशीला ते जमत नाही, तिच्यात हिरवं काही नसतं. तिला आपल्यासारखंच दुसऱ्याच्या जिवावर जगावं लागतं. फक्त आपण आधी खातो नि मग पचवतो. ती पाचक रस बाहेर सोडते, अन्न बाहेरच पचवते आणि मग शोषून घेते. खेकड्याचं कवच ज्या द्रव्याचं असतं तेच तिच्या पेशींच्या भिंतीत सापडतं. नात्याने बघायला गेलं तर ती पानाफुलांपेक्षा तुझ्यामाझ्या जवळची. मुलं यावर हसतात. तू हसली नसतीस. पदराला हात पुसत म्हणाली असतीस, "म्हंजी ती बी आपल्यासारखी भुकेलीच की."

आता माझे केस तू गेलीस तेव्हाच्या तुझ्या केसांपेक्षा पांढरे आहेत. पुढच्या वर्षी कॉलेजातून निवृत्त होईन. एवढी वर्षं मी हाच विषय का धरून बसले ते तुला ठाऊक होतं, पण तू कधी त्यावर बोलली नाहीस आणि मीही नाही. आज लिहायला बसले त्याला कारण आहे. या श्रावणात मी मामाच्या गावी जाऊन आले. त्याने ज्या बांधावरून अळंबी आणली होती, तो बांध बघून आले. काय बघितलं ते सांगते, पण उगाच घाई करून सांगायची गोष्ट नाही ती. तुलाही घाई नव्हतीच कधी.

आपण तेव्हा देवळाली कॅम्पात राहायचो, बाजाराच्या मागच्या कॉलनीत. बाबा लष्कराच्या वर्कशॉपात, तू अंगणवाडीत मदतनीस. पोरांची खिचडी तूच शिजवायचीस, आणि कॉलनीतली प्रत्येक बाई म्हणायची की पोरगं घरी जेवत नाही, तुमच्या हातचं मात्र चाटूनपुसून खातं. तुला त्याचा किती अभिमान होता! त्या वर्षी विहारात वर्षावासाला एक म्हातारे भंतेजी आले होते. पावसाळ्याचे महिने ते तिथेच राहणार, आणि रोज एकेका घराने त्यांना भोजनदान द्यायचं, दुपारी बाराच्या आत. आपल्या घराचा दिवस ठरला तेव्हापासून तुझा पाय जमिनीवर ठरत नव्हता. भिंती पुसल्या, पितळी ताट चिंचेने घासलं, बाबांना नवा बनियन घालायला लावला. मला नि धाकट्या भावाला दम भरलास की दानाच्या अन्नाला आधी कुणी तोंड लावायचं नाही. मीठसुद्धा तू त्या दिवशी चाखून नाही, अंदाजाने घातलंस.

आणि सकाळीच मामा आला. घोटीहून पॅसेंजरने, ओल्या धोतराने, हातात सागाच्या पानांचा पुडा. मी दारातच होते. "काय आणलंस रं?" तू आतून विचारलंस. "अळंबी हाय बये. रात्री विजा लय कडाडल्या, बांधावर नुसता पांढरा सडा. तशीच कापली नि थेट टेसन गाठलं. म्हटलं आज तुझ्याकडं भंतेजी यायचे." पुडा उघडलास तेव्हाचा तुझा चेहरा मला आज दिसतो. माहेरचं काही आलं की बाई कशी लहान होते, तशी झालीस. ओंजळभरच होती. ताटात पसरून, ओल्या फडक्याने एकेक पुसून, देठाचे तुकडे करून तू ती चिरलीस. मग लसणाची सोललेली पाकळी घेऊन पाण्यात अळंबीबरोबर उकळलीस आणि आम्हाला बोलावून दाखवलीस. "बघा. इखारी असती तर लसून काळा पडला असता. पांढराफेक हाय." मग तेल, लसूण, लाल तिखट, थोडं भाजलेलं सुकं खोबरं. धाकटा कढईकडे हात न्यायला लागला तर त्याच्या मनगटावर चापट मारलीस. शिजून शिजून ती सगळी मिळून एका वाटीत मावली.

भंतेजी आले, पाटावर बसले. तुम्ही दोघांनी वाकून वंदन केलं. त्रिशरण झालं, पंचशील झालं. मग जेवण. वरण, भात, भेंडी, दोन भाकरी आणि ती वाटी. त्यांनी पहिला घास घेतला नि थांबले. "काय आहे ही?" "अळंबी हाय भंते. माझ्या भावानं आणली." ते म्हणाले, "फार वर्षांनी खाल्ली. लहानपणी आई करायची." वाटी त्यांनी बोटाने पुसून संपवली. ओढणीला गाठ मारत उभ्या असलेल्या माझ्याकडे बघून तू डोळे मिटलेस, समाधानाने. कढईत उरलेलं तेलतिखट तू पाणी ओतून विसळून टाकलंस, कारण दानातलं घरात उरवायचं नाही हा तुझा तूच केलेला नियम. म्हणजे ती भाजी भंतेजींशिवाय कुणी खाल्ली नाही. मामानेही नाही, त्याला तू पिठलं वाढलंस.

दुपारी आम्ही शाळेचं दप्तर भरत होतो तेव्हा विहारातून माणूस पळत आला. भंतेजींना उलट्या होत होत्या, जुलाब थांबत नव्हते, पाय वळत होते. बाबांनी रिक्षा आणली. तू पायात चप्पल न घालता मागे धावलीस. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सलाइन लावलं आणि विचारलं, काय खाल्लं होतं? तू सगळं सांगितलंस, मीठ किती घातलं तेही. डॉक्टर म्हणाले, वयस्कर माणूस आहे, पाणीही खराब येतंय सध्या, काहीही असू शकतं. पण 'काहीही' हा शब्द कॉलनीला पुरत नसतो. विहाराच्या कमिटीचे सेक्रेटरी, निवृत्त हेडक्लार्क, ज्यांना आपण काका म्हणायचो, त्यांनी हॉस्पिटलच्या पायरीवर सगळ्यांसमोर तुला विचारलं, "तथागतांचं शेवटचं जेवण काय होतं, ठाऊक आहे का बाई तुम्हाला? कुणी म्हणतं मांस होतं, कुणी म्हणतं अळंबी. जाणकार अळंबीच म्हणतात. आणि तुम्ही वर्षावासात भंतेजींच्या ताटात कुत्र्याच्या छत्र्या वाढल्यात." तू पदर डोक्यावरून घेतलास आणि आत वळलीस. बाबाही मागोमाग आले. मला मात्र त्या माणसाचा आजही राग येतो. गेला बिचारा केव्हाच, पण राग काही त्याच्याबरोबर गेला नाही.

भंतेजी वाचले. आठवडाभराने विहारात परत आले, काठी टेकत. आणि आल्यावर पहिल्यांदा कुठे आले, तर आपल्या दारात. निरोप नाही, काही नाही. खाटेवर बसले आणि म्हणाले, "उपासिके, थोडी पेज कराल का?" तुला मापही सापडेना, तांदूळ मीच धुतले. पेज पिऊन झाल्यावर त्यांनी त्या लोहाराची गोष्ट सांगितली. त्याने तथागतांना शेवटचं जेवण दिलं आणि मग तथागत आजारी पडले. जाताना त्यांनी सांगून ठेवलं की त्या लोहाराला कुणी बोल लावू नये, त्याच्या मनाला पश्चात्ताप शिवू देऊ नये, त्याने दिलेलं जेवण फार मोठ्या पुण्याचं आहे. एवढं सांगून भंतेजी तुझ्याकडे बघत म्हणाले, "माझ्या पोटाला काय झालं ते मला माहीत नाही. तुमचं दान मात्र मला पोहोचलं. मनाला लावून घेऊ नका." तू गुडघे टेकून वंदन केलंस. मला तेव्हा वाटलं की आता झालं, मिटलं सगळं. ते गेले, आणि तू पेजेचं पातेलं राखेने घासायला बसलीस. घासतच राहिलीस, कल्हई निघाली तरी.

त्यानंतर आपल्या घरात एक विचित्र गोष्ट सुरू झाली. तू आधी जेवायला लागलीस. ज्या घरात बाबा, मग पोरं, मग उरलंसुरलं तुझं, असा रिवाज होता, तिथे तू स्वयंपाक झाला की सगळ्यात आधी आपल्या ताटात प्रत्येक पदार्थ थोडा थोडा घ्यायचीस, खायचीस, आणि मग भिंतीला टेकून गप्प बसायचीस. आम्ही भुकेने कळवळायचो. बराच वेळ गेल्यावर म्हणायचीस, "बसा आता." अंगणवाडीतही तेच. पोरं ताटल्या वाजवत बसलेली आणि तू खिचडीचा पहिला घास खाऊन चुलीजवळ बसलेली. सेविकाबाई ओरडायच्या, तू ऐकायची नाहीस. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. तुझं तर तोंड पोळलंच नव्हतं, दुसऱ्याचं पोळलं होतं. आत्या रक्षाबंधनाला आली की टोमणे मारायची. "आमच्या वहिनीबाईंचं भारी हाय बाई. आधी आपला पोटोबा, मग नवरा." तू तोंडात घास धरून ऐकून घ्यायचीस. खरं कारण सांगितलं असतंस तर आत्याचं तोंड बंद झालं असतं. नाही सांगितलंस. आणि मला, घरात राहणाऱ्या पोरीला, तू चव घेत नाहीस, स्वतःवर विष तपासून बघतेस, हे कळायला दहावी उजाडली. कळलं त्या दिवशी मी जेवले नाही. तू विचारलंस, पोट दुखतं का? मी हो म्हणाले. त्यावर तू किती घाबरलीस ते मी अजून विसरलेले नाही.

मग मी वनस्पतिशास्त्र घेतलं. बाबांना वाटायचं बँकेची परीक्षा द्यावी. पण मला एकच गोष्ट शोधायची होती. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी सर शिकवायला लागले की बुरशी ओळखायची ती रंगावरून नाही, आकारावरून नाही, चवीवरून तर मुळीच नाही. आपल्याला दिसते ती छत्री म्हणजे नुसतं फळ. खरी बुरशी जमिनीखाली, लाकडात, शेणात, सुतासारख्या तंतूंनी पसरलेली असते. आणि तिचं कूळ ठरतं ती आपले बीजाणू कसे तयार करते त्यावरून. भाकरीवरची काळी बुरशी टाचणीच्या डोक्यासारख्या गोळ्यांत बीजाणू भरते. दुसरं एक कूळ ते इवल्या पिशव्यांत ठेवतं. यीस्ट त्यातलंच, आणि द्राक्षावरची भुरीही. छत्रीवालं कूळ ते सोंगटीसारख्या दांड्यांच्या टोकावर धरतं. आणि द्राक्षाच्या पानांवर रोग आणणारी डावणी, जिला आमच्या सरांच्या काळी सगळे खुशाल बुरशी म्हणायचे, तिला पुढे या घरातूनच काढलं, कारण तिची भिंत निराळ्या द्रव्याची आणि तिचं नातं समुद्रातल्या शेवाळांशी. हे मी आज वर्गात सांगते तेव्हा दिंडोरी-निफाडकडची बागायतदारांची पोरं हमखास म्हणतात, "मॅडम, डावणी बुरशी नाय तर मग आम्ही इतके दिवस मारतो काय?" मी म्हणते, मारत राहा बाबांनो, तिला तुमचं-माझं वर्गीकरण माहीत नाही.

पण मला हवं होतं ते छत्रीवाल्या कुळात होतं. आपल्याकडची खायची अळंबी वारुळावर येते. वाळवी जमिनीखाली तिची शेती करते, लाकूड चावून तिला भरवते आणि तिच्यावरच जगते. पावसात ती अळंबी वारुळाच्या पोटातून वर येते, म्हणून तिला खाली लांबच लांब मूळ असतं, हातभर सुद्धा. तशी दिसणारी दुसरी एक असते, गवतात, गोठ्याच्या कडेला. पांढरी, जाडजूड, देखणी, देठाला सैल कडं. खाल्ली की तासादोनतासांत उलट्या-जुलाब. तरणा माणूस निभावतो, म्हाताऱ्याचे हाल होतात. कोवळी असताना दोन्ही खालून पांढऱ्याच. फरक कळतो तो टोपी पांढऱ्या कागदावर पालथी घालून ठेवली तर. सकाळपर्यंत बीजाणू खाली पडून ठसा उमटतो; खायच्या अळंबीचा फिकट गुलाबीसर, त्या दुसरीचा मळकट हिरवा. लसणाने काहीही कळत नाही. लसूण दोन्हीत पांढराच राहतो. हे वाचलं त्या दिवशी मी लायब्ररीतून उठून बाहेर जाऊन उभी राहिले. घरी येऊन ते तुला सांगितलं नाही. तुझ्याकडे धरायला तेवढा एकच खांब होता.

सांगितलं ते मुळाचं. आठवतं? तू मेथी निवडत बसली होतीस आणि मी शेजारी येऊन बसले, मोठी वकिलीण असल्यासारखी. "आई, मामाने आणलेल्या अळंबीला खाली लांब मूळ होतं ना गं?" तू मान न उचलता म्हणालीस, "व्हतं." माझा आनंद पोटात मावेना. म्हणजे वारुळाची होती! म्हणजे तुझा काहीएक दोष नव्हता! पण शिकलेलं कुठे गप्प बसू देतं. मी उलट विचारून बघितलं, "आणि खालची बाजू जराशी हिरवट होती का?" तू तशीच म्हणालीस, "व्हती, हिरवट." मी म्हणाले, "अगं, दोन्ही कसं असेल?" तेव्हा तू मेथीची जुडी खाली ठेवलीस. म्हणालीस, "लसून पांढरा व्हता, येवढं मला ध्यानात हाय. बाकी तू म्हनशील तसं. पोरी, तू मला सोडवाया बसलीस. ज्यांनी खाल्लं ते दारात येऊन सांगून गेले, तरी मी सुटले नाय. तुझ्या बुकानं कशी सुटंन?" एवढं बोलून पुन्हा जुडी घेतलीस.  मी मनात म्हटलं, थांब, पुरावा आणून दाखवते.

पुरावा आणायला मात्र उशीर झाला. मामा गेला, मग मामी, बाबा गेले, तू गेलीस. तुझ्या शेवटच्या आजारात मी भरवायचे तेव्हासुद्धा तू चमच्याकडे आधी निरखून बघायचीस आणि मला विचारायचीस, "तू खाल्लंस? आधी तू खाऊ नगंस हां." नंतर नोकरी, संसार, पोरीचं शिक्षण; मामाच्या गावाकडे वळायचं राहत गेलं. खोटं कशाला बोलू, भीतीही होती. या श्रावणात मात्र मामेभावाचा फोन आला की बांधाच्या बाजूने रस्ता जाणार आहे, मोजणी झाली. मी दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडली.

मामेभाऊ आता आजोबा झालाय. छत्री घेऊन मला बांधावर घेऊन गेला. "ह्ये बघ ताई. आज्याच्या वक्तापासून वारूळ हाय. औंदा बी आली." आणि खरंच आली होती. करडी, टोकदार टोप्यांची, एकाला एक लागून. मी चिखलात फतकल मारून बसले आणि खुरप्याने एकीच्या बुडाशी उकरत गेले. मूळ संपेचना. खाली, खाली, हातभर, आणि शेवटी वाळवीच्या पोकळीत शिरलं. मी तिथेच रडले, आई. साठीला आलेली बाई, खुरपं हातात घेऊन, मामेभावासमोर ढसाढसा. तो बिचारा छत्री धरून उभा. तिथूनच धाकट्याला फोन लावला. म्हटलं, मामाच्या बांधावर वारूळ आहे, अळंबी वारुळाची आहे, आपल्या आईच्या हातून काही झालं नव्हतं.  तो म्हणाला, "बरं झालं ताई. इतकी वर्षं डोक्यावर धोंडा होता." त्याच्याही डोक्यावर होता हे मला त्या दिवशी कळलं.

परत निघालो. बांध जिथे उतरतो तिथे त्यांची गुरं बांधतात, शेणाने गवत दाट वाढलेलं. त्या गवतात पांढऱ्या टोप्या दिसल्या. मी ओळखल्या, पण ओळखल्या नाहीत असं स्वतःला सांगत जवळ गेले. देठाला कडं होतं आणि ते बोटाने वरखाली सरकत होतं. मी विचारलं, "ह्या पण पूर्वीपासून येतात का रे?" "येत्यात की. त्या नाय खात आमी. बापाला निवडायला जमायची नाय बघ. त्यो आपला दिसल ती पांढरी कापून आनायचा. मंग आई निवडायची, नि बापाला शिव्या घालायची." हसत हसत सांगत होता तो. मी मान हलवली. त्या दिवशी मामा बांधावरून घरी गेलाच नव्हता. मामीने ती ओंजळ बघितलीच नव्हती.

एक टोपी रुमालात बांधून आणली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली, वर वाटी झाकली. सकाळी वाटी उचलली तर ठसा हिरवा होता. मळकट, नीट, पुस्तकातल्यासारखा. यावरून मामाच्या पुड्यात त्यातलीच होती असं ठरत नाही. वारुळाची असेल, गवतातली असेल, दोन्ही मिसळ असेल, किंवा दोन्ही नाही आणि डॉक्टर म्हणाले तसं पाणीच असेल. मुलांना मी सांगते की नमुना हातात नसेल तर नाव द्यायचं नाही, 'अनिश्चित' लिहायचं आणि पुढे जायचं. मुलांना सांगणं सोपं असतं.

तेव्हापासून एक विचार पाठ सोडत नाही. भंतेजी दारात येऊन तुला म्हणाले होते, पोटाला काय झालं ते मला माहीत नाही. त्यांना कळून घ्यायचंही नव्हतं. अळंबी चांगली होती असं ते म्हणाले नाहीत, वाईट होती असंही नाही. कसलीही असो, दान पोहोचलं, एवढंच म्हणाले. ज्याच्या हातून काहीच झालं नाही त्याला माफी लागतच नाही. ती लागते ज्याच्या हातून झालं असेल त्याला. मला मात्र तुझ्यासाठी माफी नको होती. मला तू निर्दोष हवी होतीस. आपला तो बाब्या. त्यासाठी सगळं आयुष्य मी बुरशीची कुळं-गोत्रं धुंडाळत बसले, आणि तू मात्र झालं असेल असं धरून चाललीस. तसं धरून जगलीस, रोज आधी जेवलीस, टोमणे खाल्लेस, आणि तुझ्या हाताखालून गेलेल्या एकाही पोराचं पोट कधी दुखलं नाही. मी तुझ्या जागी असते तर मला हे जमलं असतं का, हे स्वतःला विचारायला मी घाबरते.

हे मी कुणाला पाठवणार नाही, दाखवणारही नाही. धाकटा परवा घरी आला होता, हसतखेळत जेवला, म्हणाला की हल्ली आईची आठवण आली तरी त्रास होत नाही. मी त्याला गवतातल्या अळंबीचं सांगितलं नाही. आणि आई, तो हिरवा ठसा मी वर्गात न्यायला हवा होता. इतका स्वच्छ ठसा मुलांना बघायला मिळत नाही. मी तो गॅसवर धरून जाळला आणि राख बेसिनमध्ये सोडली. तू ते सगळं आयुष्यभर उराशी धरून चूल पेटवलीस. माझ्या घरात ते एक सकाळभरही मला ठेवता आलं नाही.